महागडी सिस्टीम आहे म्हणून कान तयार असतो का? घरच्या घरी तपासायची पूर्ण पद्धत

ऑडिओफाईल, म्हणजे उत्तम आवाजाच्या वेडापायी भारी सिस्टीम जमवणाऱ्या लोकांबद्दल दोन टोकाची मतं सगळीकडे ऐकायला मिळतात. एक गट म्हणतो ह्यांना कळत काहीच नाही, नुसता पैसा उधळतात. दुसऱ्या गटाला वाटतं एवढी भारी सिस्टीम ज्याच्या घरात आहे त्याला आवाजातलं कळत असणारच, त्याच्यापुढे आपण काय बोलायचं. मला दोन्ही पटत नाहीत. आवाज पारखणं हे कौशल्य आहे आणि काही जणांकडे ते अगदी वरच्या दर्जाचं असतं, पण ते सरावाने येतं, खोक्याबरोबर घरपोच येत नाही. आणि आपल्याकडे ते आहे का हे बघायचं असेल तर काय वाजतंय हे माहीत नसताना ऐकायचं, बस्स, दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

तर हा लेख त्यासाठी आहे. एक मोकळी दुपार, एक धीराचा मित्र किंवा मैत्रीण, साधा मल्टिमीटर, कागद-पेन आणि तुमची आहे ती सिस्टीम एवढं पुरे. पण पद्धतीकडे वळायच्या आधी आत्तापर्यंत काय काय तपासून झालंय ते थोडं बघू, कारण त्यावरूनच कळतं की कुठे काळजी घ्यायची.

आत्तापर्यंत काय सापडलंय

१९९४ साली हार्मन ह्या ऑडिओ कंपनीत फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह ह्या दोघांनी कंपनीतल्याच ४० लोकांना तेच स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा समोर दिसत असताना आणि एकदा पडद्याआड ठेवून. दिसत होते तेव्हा मोठ्या देखण्या स्पीकरना भरघोस मार्क पडले आणि छोटी स्वस्तातली सिस्टीम मागे पडली, पडदा आल्यावर तीच छोटी सिस्टीम बाकीच्यांच्या बरोबरीला येऊन बसली. मला ह्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र वेगळीच वाटते. स्पीकरची जागा बदलली की आवाज खरोखर बदलतो, आणि पडद्याआड ऐकताना लोकांनी तो बदल मार्कांमध्ये दाखवला पण डोळ्यासमोर स्पीकर असताना तोच बदल त्यांच्या मार्कांमधून जवळपास गायब झाला. म्हणजे डोळे नसलेला फरक ऐकवतात एवढंच नाही, असलेला फरक दडवतातसुद्धा. हे ऐकणारे काही ऐरेगैरे नव्हते, आवाजाच्या धंद्यातलेच लोक होते.

पुढे २००३ मध्ये ऑलिव्हने २६८ जणांची चाचणी प्रसिद्ध केली, त्यात खास ट्रेनिंग घेतलेले श्रोते होते, ऑडिओ विकणारे होते, परीक्षणं लिहिणारे होते, विद्यार्थीही होते. ट्रेनिंगवाले सातत्यात सगळ्यांच्या खूप पुढे निघाले, तोच स्पीकर पुन्हा आला की पुन्हा जवळपास तेच मार्क. पण आवडीचा क्रम साधारण सगळ्यांचा सारखाच आला! म्हणजे चांगला स्पीकर सामान्य माणसालाही ओळखता येतो, फक्त त्याचं मत जरा डगमगतं.

आता हाय-रिझोल्यूशनचं, म्हणजे सीडीपेक्षा बारीक तपशिलात साठवलेल्या आवाजाचं. २००७ मध्ये मेयर आणि मोरान ह्यांनी एसएसीडीच्या (सीडीच्या वरच्या दर्जाची डिस्क) सिग्नलमध्ये मधेच १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झचा सीडी दर्जाचा टप्पा घालून लोकांना विचारलं, ओळखा. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी एवढीच आली असती. २०१६ मध्ये जॉशुआ राईस ह्यांनी अशा १८ अभ्यासांची १२,५०० हून जास्त उत्तरं एकत्र केली तेव्हा बरोबर उत्तरं ५२.३ टक्के निघाली, आणि ट्रेनिंग दिलेल्या श्रोत्यांची साठच्या वर. दोन्ही आकडे नीट बघा, कारण प्रत्येक गट आपल्या सोयीचा अर्धाच सांगतो. फरक फार लहान आहे हेही खरं आणि सरावाने तो थोडाफार पकडता येतो हेही खरं.

२०२२ सालचं मोबाईल फिडेलिटी ह्या रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं प्रकरण तर ह्या छंदातल्या सगळ्यांनी लक्षात ठेवावं असं आहे. पूर्ण ॲनालॉग (कुठेही डिजिटल न केलेल्या) समजून लोक ज्या रेकॉर्ड्स जपत होते, वर्षानुवर्षं त्यांचं कौतुक करत होते, त्यातल्या बऱ्याच रेकॉर्ड बनवताना मधे डिजिटल टप्पा वापरलेला होता. हे बाहेर आलं ते कंपनीतल्या इंजिनियर लोकांच्या बोलण्यातून, कुणाच्या कानातून नाही. त्या रेकॉर्ड वाईट होत्या असं मी अजिबात म्हणत नाहीये, उलट छानच होत्या, आणि म्हणूनच हे उदाहरण एवढं बोलकं आहे.

पायरी १: प्रश्न एकच आणि नेमका ठेवा

“माझी सिस्टीम चांगली आहे का” ह्याची चाचणी होत नाही. “ह्या दोन ॲम्प्लिफायरमधला फरक मला न बघता ओळखता येतो का” ह्याची होते. आधी फरक, मग आवड, हा क्रम सोडू नका. जो फरक ओळखूच येत नाही त्यातलं चांगलं कुठलं ह्यावर वाद घालण्यात काही हशील नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला, ॲम्प्लिफायर बदलताना केबलही बदलली तर उत्तर कशाचं आलं ते तुम्हालाच सांगता येणार नाही.

पायरी २: आधी कान बघून घ्या

२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ ही तरुण निरोगी कानाची गोष्ट झाली, वय वाढत जातं तशी वरची टोकं गळत जातात. चाळिशी-पन्नाशीत १५ किलोहर्ट्झच्या वरचं ऐकू येत नसेल तर घाबरू नका, पियानोची सगळ्यात वरची पट्टीसुद्धा ४१८६ हर्ट्झला असते, त्याच्या वर उरतात ती हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर), झांजांची चमक वगैरे. तुम्हाला कुठपर्यंत ऐकू येतं हे टोन जनरेटरच्या ॲपवर हेडफोन लावून बघता येतं, फक्त आवाज कमी ठेवा आणि ऐकू येत नाही म्हणून वाढवत जाऊ नका, कारण न ऐकू येणारा टोनही कानाला आणि ट्वीटरला (उंच सूर वाजवणारा छोटा स्पीकर) इजा करू शकतो. जास्त काळजी करायची ती ३ ते ६ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात पडणाऱ्या खड्ड्याची, मोठ्या आवाजाने तो तिथेच पडतो आणि बोलण्यातली, वाद्यातली स्पष्टता बरीचशी तिथे असते. एकदा ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) काढून घ्या, मळ साचला असेल तर डॉक्टरकडून काढून घ्या. ८५ डेसिबलला रोजचे ८ तास ही कामाच्या ठिकाणी पाळली जाणारी एक मर्यादा आहे आणि दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे ९४ ला एकच तास. आदल्या रात्री लाऊड कॉन्सर्ट झाली असेल तर चाचणी पुढे ढकला.

पायरी ३: आवाजाची पातळी जुळवा, हीच खरी मेख आहे

सगळ्यात जास्त चाचण्या फसतात त्या इथे. दोन गोष्टींमध्ये अर्ध्या-एक डेसिबलचा फरक असला तर कानाला तो “जरा मोठा आवाज” असा कळत नाही, तो कळतो “जास्त मोकळा”, “बेस भरीव”, “गाणारी व्यक्ती पुढे आली” असा. त्याला कारणही आहे, कमी आवाजात आपला कान खालचे आणि वरचे सूर कमी पकडतो, फ्लेचर आणि मन्सन ह्यांनी १९३३ मध्येच हे मोजून ठेवलंय, त्यामुळे थोडा जरी आवाज वाढला तरी सगळ्याचा तोल बदलल्यासारखा वाटतो. दुकानात एक मॉडेल दुसऱ्यापेक्षा भारी वाटतं त्यामागे बऱ्याचदा एवढंच असतं.

म्हणून १ डेसिबलवर समाधान मानू नका, ०.१ पर्यंत जायचं. ऐकून हे जुळत नाही, फोनवरच्या साउंड मीटर ॲपनेही जमत नाही. मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा, त्याची टोकं स्पीकरच्या मागच्या टर्मिनलवर धरा (दोन टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका, ॲम्प्लिफायर शॉर्ट होईल) आणि ४०० हर्ट्झचा सलग टोन वाजवा. ४०० च का, तर साधे मीटर विजेच्या लाइनसाठी बनवलेले असतात आणि त्याच्या फार वर गेलं की चुकायला लागतात. समजा पहिल्या ॲम्प्लिफायरवर मीटर २.०० व्होल्ट दाखवतोय. दुसरा जोडला, स्पीकर तोच, टोन तोच, आणि व्हॉल्यूम अशा ठिकाणी आणा की वाचन १.९८ ते २.०२ च्या आत पडेल. झालं, ०.१ डेसिबलच्या आत आलात. वाचन २.२४ आलं तर समजा पूर्ण एक डेसिबलचा फरक आहे, आणि तेवढ्यात तुम्ही ऐकायला बसलात तर दुसरा ॲम्प्लिफायर “जास्त जिवंत” वाटणारच वाटणार. २ व्होल्ट म्हणजे ८ ओहमच्या स्पीकरवर फक्त अर्धा वॅट, त्यामुळे स्पीकरला धोका नाही. व्हॉल्यूमचं बटण अर्ध्या डेसिबलच्या उड्या मारत असेल तर कॉम्प्युटरवरच्या प्लेअरमधून ०.१ च्या पायरीने गेन कमी करून जुळवा. डावं-उजवं दोन्ही तपासा, आणि एकदा जुळलं की व्हॉल्यूमच्या बटणावर चिकटपट्टी लावून टाका.

पायरी ४: खरंखुरं आंधळं ऐकणं

एबीएक्स ही पद्धत बेल लॅब्जमध्ये १९५० च्या सुमाराला आली. ए म्हणजे पहिली वस्तू, बी म्हणजे दुसरी, आणि एक्स म्हणजे ह्या दोघांपैकीच एक, पण कुठली ते ऐकणाऱ्याला माहीत नाही. ए आणि बी हवे तेवढे वेळा ऐका, मग एक्स ऐका, आणि कागदावर लिहा, ए की बी. “माहीत नाही” असं उत्तर चालत नाही, अंदाज तरी द्यायचाच.

एक्स कोण हे मित्राने नाणं उडवून ठरवायचं, मनाने ठरवायचं नाही, कारण माणूस मनाने ठरवतो तेव्हा सलग तीनदा ए द्यायला त्याचा हात धजावत नाही आणि तुमच्या ते लक्षात येतं. त्याने तुमच्या पाठीमागे किंवा पडद्याआड बसायचं, बोलायचं नाही, घसा खाकरायचा नाही. प्रत्येक वेळी, एक्स तोच राहिला तरी, केबल काढून परत लावायची आणि तेवढाच वेळ घ्यायचा. हे फार बारीक वाटेल पण इथेच पाणी मुरतं: एका ॲम्प्लिफायरचा रिले (आतला आपोआप चालणारा स्विच) “टक्” वाजतो, दुसऱ्याचा वाजत नाही, एकाला स्पीकर जोडल्यावर ट्वीटरमधून हलकी “स्स्स” येते. कान हे सगळं टिपतो आणि तुम्हाला वाटतं संगीतातलाच फरक ओळखला. म्हणून बदल करताना दुसरा काहीतरी साधा आवाज चालू ठेवा, पंखासुद्धा चालेल, आणि ऐकताना तो बंद करा. केबल लावण्या-काढण्याच्या आधी ॲम्प्लिफायर बंद किंवा म्यूट, हे विसरू नका. एखादा चांगला स्विच बॉक्स मिळाला तर सगळंच सोपं होतं, फक्त दोन ॲम्प्लिफायरची आउटपुट एकमेकांना कधीही जोडली जाणार नाहीत अशाच रचनेचा घ्या.

ऐकायचा तुकडा लहान ठेवा, १०-१५ सेकंदांचा, तोच पुन्हा पुन्हा. आवाजाच्या बारकाव्यांची आठवण काही सेकंदांतच विरते, अख्खं गाणं ऐकून मग तुलना करायची म्हटलं तर तुलना आठवणीशी होते, आवाजाशी नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मी हलक्यात घेत नाही. परीक्षेला बसल्यासारखं ऐकलं तर ताण येतो, खरा फरक दिवसेंदिवस निवांत ऐकल्यावर कळतो, असं बरेच अनुभवी लोक सांगतात. ठीक आहे, मग तसंच करा! मित्राला दोनपैकी एक वस्तू जोडून समोर कापड टाकायला सांगा (हवा खेळती राहील असं), आठवडाभर तुमच्या नेहमीच्या खुर्चीत, तुमच्या आवडीचं ऐका, आठवड्याच्या शेवटी उत्तर लिहा, मग परत नाणं. वेळ कितीही घ्या, आंधळेपणाची अट तेवढी मोडू नका.

पायरी ५: किती बरोबर आले म्हणजे बरोबर

सुरू करायच्या आधीच खेपा ठरवा, १६ ठरवल्या तर १६ च. मधे निकाल विचारायचा नाही आणि चांगले मार्क पडतायत म्हणून थांबायचंही नाही. नुसत्या अंदाजाने १६ पैकी १२ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता साधारण ३.८ टक्के असते, १३ किंवा जास्तची एक टक्क्याच्या आसपास. १० खेपा केल्यात तर ८ पुरत नाहीत, नशिबाने तेवढे साडेपाच टक्के वेळा येतात, ९ हवेत. १२ आले की एवढ्यावर हुरळून न जाता दुसऱ्या दिवशी परत १६ करा. दोन्ही दिवस जमलं तर कुणी काहीही म्हणो, तुम्हाला फरक ऐकू येतो.

आणि ८ च आले तर? त्याचा अर्थ ह्या दोन वस्तूंमध्ये, ह्या खोलीत, ह्या गाण्यावर तुम्हाला फरक ऐकू आला हे सिद्ध झालं नाही, एवढाच. जगात कुणालाच ऐकू येत नाही असं त्यातून निघत नाही.

पायरी ६: फाईल्सची चाचणी, सगळ्यात सोपी

मित्र मिळत नसेल तर इथूनच सुरुवात करा. फूबार२००० ह्या फुकट प्लेअरला एबीएक्सचा जोड मिळतो, तो स्वतःच एक्स ठरवतो आणि शेवटी शक्यताही काढून देतो. तुमच्याकडची एक लॉसलेस (काहीही न गाळता साठवलेली) फाईल घ्या आणि तिच्यापासून स्वतः एमपी३ बनवा. दोन वेगळ्या ठिकाणांहून आणलेल्या फाईल्स चालणार नाहीत, त्यांचं मास्टरिंगच (गाण्याच्या आवाजावरचा शेवटचा हात) वेगळं असू शकतं आणि मग तुम्ही फॉरमॅट नाही, मास्टरिंग ओळखाल (हे ऐकू येतं, अगदी आरामात येतं, आणि हाय-रिझोल्यूशनच्या बऱ्याच कौतुकामागे तेच असतं).

सुरुवात ९६ केबीपीएसपासून (सेकंदाला किती किलोबिट, आकडा कमी तितकं जास्त गाळलेलं) करा, तिथे खोट कशी ऐकू येते हे कान शिकतो, मग १२८, १९२, ३२०. गाणं कुठलं ह्याने फार फरक पडतो. गजबजलेल्या गाण्यात खोट लपून जाते. टाळ्या, खुळखुळे, कॅस्टनेट अशा टोकदार आवाजात ठोका पडायच्या क्षणभर आधी एक पुसट फुसफुस येते, ती एकदा पकडली की मग सगळीकडे दिसायला लागते. ३२० ला बहुतेकांचे मार्क नाण्यावर येतात.

पायरी ७: तारा, ॲम्प्लिफायर, आणि जिथे खरा फरक आहे ते

तारांचं गणित कागदावरच करता येतं. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला साधारण ०.००७ ओहम असतो, स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर, म्हणजे ०.०७ ओहम. ८ ओहमच्या स्पीकरपुढे त्याने आवाज ०.१ डेसिबलपेक्षाही कमी घटतो. जोडणी घट्ट करा, गंज असेल तर पुसा आणि पुढे चला.

ॲम्प्लिफायरचं तसं सरसकट बोलता येत नाही. चांगले बनवलेले दोन ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर ताकदीच्या आत वाजत असतील तर ओळखणं फार कठीण जातं. पण ट्यूबच्या ॲम्प्लिफायरचा आउटपुट रोध समजा २ ओहम आहे आणि तुमच्या स्पीकरचा इम्पिडन्स (सुरागणिक बदलणारा रोध) कुठे ४ तर कुठे २० ओहम होतो, तर त्या दोन ठिकाणांमध्ये जवळजवळ पावणेतीन डेसिबलचा चढउतार तयार होतो. हा कुणालाही ऐकू येईल! म्हणून ट्यूबवाला माणूस “मला वेगळं ऐकू येतं” म्हणाला की त्याला उडवून लावू नका, बऱ्याचदा तो खरंच बोलत असतो. फक्त तो फरक “ट्यूबचा आत्मा” नसतो, फ्रीक्वेन्सीचा चढउतार असतो, आणि ईक्यूने (ठराविक सूर कमी-जास्त करायची सोय) तो बराचसा तसाच आणताही येतो.

स्पीकर आणि खोली हा मात्र राजा विषय. दोन स्पीकरमधला फरक आंधळ्या चाचणीतही सहज कळतो, तिथे प्रश्न आवडीचा असतो. पिंक नॉइझ (सगळे सूर असलेला सलग खळखळाट) लावून मायक्रोफोनने पातळी जुळवा (इथे अर्ध्या डेसिबलपर्यंत आलं तरी पुष्कळ), एकेकच स्पीकर मोनोमध्ये ऐका कारण स्टीरिओत दोष झाकले जातात, आणि दोघांना एकाच जागेवर आणून ठेवा नाहीतर तुलना जागेची होईल.

जागेचं महत्त्व किती ते असं बघा. ४ मीटर लांबीच्या खोलीत पहिला अनुनाद (खोली स्वतःच ज्या सुराला घुमते तो) ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट, ३४३ भागिले ८, म्हणजे ४३ हर्ट्झच्या आसपास पडतो. ४३ हर्ट्झचा टोन हळू लावा आणि खोलीच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत चालत जा. भिंतीशी बेस दणदणीत, मध्यावर आलात की जवळजवळ गायब. हा फरक १०-१५ डेसिबलचा सहज असतो. ज्याची खुर्ची बरोबर त्या मध्यावर आहे त्याने ॲम्प्लिफायर कितीही बदलले तरी तो बेस परत येणार नाही, खुर्ची अर्धा मीटर मागे घेतली तर येईल. रूम ईक्यू विझार्ड हे फुकट सॉफ्टवेअर आणि एक मोजमापाचा मायक्रोफोन घ्या, खुर्चीच्या जागेवर कुठल्या सुराला किती आवाज येतो ह्याचा ग्राफ काढा, स्पीकर थोडे थोडे हलवून परत काढा. ज्यांच्या घरी सगळ्यात महाग खोकी बघितली त्यातल्या फार थोड्या जणांनी हा ग्राफ काढलेला असतो, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण त्यांना हवं असलेलं सुख तिथेच पडून असतं.

पायरी ८: कान तयार करणं

हार्मनचं “हाऊ टू लिसन” नावाचं सॉफ्टवेअर त्यांच्या श्रोत्यांच्या ट्रेनिंगसाठीच बनलंय. ते नसेल तर कुठल्याही ईक्यूवर करता येतं: मित्राने एखादा पट्टा, समजा १०० हर्ट्झ, ५००, २ किलोहर्ट्झ किंवा ८ किलोहर्ट्झ, १० डेसिबलने वर करायचा आणि तुम्ही कुठला ते सांगायचं. जमायला लागलं की ६ वर या, मग ३, मग वर करायच्या ऐवजी खाली. रोज पंधरा मिनिटं, जास्त नको, थकलेला कान काहीही सांगतो. काही आठवड्यांत तुमची भाषाच बदलते, “आवाज जरा उष्ण आहे” ऐवजी “२०० च्या आसपास फुगवटा आहे” असं तोंडून निघायला लागतं, आणि असं सांगितलेलं दुसऱ्याला तपासताही येतं.

प्रत्येक चाचणीचा कागद जपून ठेवा: तारीख, कुठल्या दोन वस्तू, मीटरवरचं वाचन, कुठल्या गाण्याचे कुठले सेकंद, किती पैकी किती. नवीन काही घेतलंत तर परत करायची मुदत संपायच्या आत जुनं-नवीन समोरासमोर ठेवून १६ खेपा करून घ्या, आणि सराव सुरू केल्यावर तीनेक महिन्यांनी पहिल्या दिवशीची चाचणी त्याच वस्तूंवर, त्याच तुकड्यावर पुन्हा लावा.